पोरीला कुठं झोपवायचं

१९ एप्रिल, शनिवार

आज पोरगी घरी आली. जन्मली तेव्हा एक किलो आठशे होती, म्हणून दहा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. आज दोन किलो शंभर भरली. निघताना सिस्टर म्हणाल्या, "धोका टळला, पण जपा. सपाट जागेवर उताणं झोपवायचं, तोंडाजवळ मऊ काही ठेवायचं नाही, खोली फार तापू द्यायची नाही." मी मान हलवत राहिलो. बाहेर आल्यावर प्रांजलीला विचारलं, नक्की काय म्हणाल्या? तर तिलाही अर्धंच आठवत होतं. दोघं मिळून एक शहाणं माणूस होईना.

ही डायरी कंपनीची. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी तिच्यात प्रांजली दुधाचे खाडे लिहिते. यंदा मीच लिहायला घेतली, कारण मला भीती वाटते आणि ती सांगायची कोणाला? कंपनीत सांगितलं तर मशीनवरचा जोडीदार कडूबा महिनाभर चिडवील. माय म्हणेल, बाप्या माणूस असून भितो.

घर एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी पत्रा असा तापतो की तव्याची गरज नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण प्रांजलीच्या आईचा पाय मोडला, म्हणून माझी माय जांब समर्थकडच्या आमच्या गावाहून आली. बाबा, म्हणजे धुळाजी, चार मेंढरांपायी गावीच राहिले.

पाळणा आहे, प्रांजलीच्या भावाने पाठवलेला, लाकडी, रंगीत चिमण्या लावलेला. पण माय म्हणते, बारशाआधी लेकरू पाळण्यात घालायचं नाही. आणि दवाखान्याचे दिवस धरायचे नाहीत, घरी आल्यापासून बारावा दिवस. म्हणजे तीस तारीख. तोवर पाळणा रिकामा हलू नये म्हणून तिने त्यात वरवंटा ठेवलाय. वरवंट्याची सोय झाली, पोरीची नाही.

२० एप्रिल

रविवारची सुट्टी घर तपासण्यात गेली. कंपनीत ऑडिटवाले येतात तसा कोपरा न् कोपरा पाहिला.

बाज: सुतळी सैल पडलीय, मध्ये खड्डा झालाय. पोरगी त्यात घरंगळेल आणि नाक दबेल. शिवाय शेजारी प्रांजली असते, ती इतकी दमलीय की झोपली की तिला शुद्ध नसते. जमीन: पंधरा दिवसांपूर्वी बादलीमागे विंचू निघाला होता. मुंग्या तर आहेतच. खिडकीखाली गरम वारा, दाराशी मांजर, पंख्याखाली पंख्याचीच भीती. गेल्या वर्षी शेजारी त्याचं पातं निखळलं होतं.

माय म्हणाली, "घोंगडी हातर न् खालीच निजव. घोंगडीवर इच्चू चढत न्हाई. तू घोंगडीवरच वाढला."

मी म्हणालो, "माय, तवा किती वाढले न् किती गेले, मोजलं कोणी?"

ती उठून भांडी घासायला गेली. नंतर माझ्या लक्षात आलं. माझ्या आधी तिची दोन गेली आहेत. कशाने गेली, ते मी आजवर कधी विचारलेलं नाही. वाईट वाटलं, पण जाऊन काही बोललो नाही.

२२ एप्रिल

दोन दिवस पोरगी बाजेवर, आणि मी खाली बसून. दर थोड्या वेळाने नाकापुढे बोट धरतो. तिचा श्वास बोटाला लागला की माझा सुटतो. कामावर डुलकी येते.

आज आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, दैवशालाताई. वजन केलं, वीस ग्रॅम वाढलंय. मी त्यांना विंचवापासून पंख्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या हसल्या. "दादा, एवढं भेऊ नका. खाली चार घड्या करून सपाट अंथरूण करा, आईच्या जवळ पण वेगळं. बाजेवर फळी टाकली तरी चालतंय. झोळी मातर नका करू, एवढूशा लेकराची मान वाकती झोळीत, दम कोंडतो."

त्या गेल्यावर मी विचार करत बसलो. झोळीत वाईट काय, तर मान वाकते. मग झोळीच्या तळाला फळी घातली तर? सपाट झाली की नाही? आणि अधांतरी असली म्हणजे विंचू नाही, मुंगी नाही, मांजर नाही. खिडकीपासून हात दीड हात आत टांगली की वारा लागेल, झळ लागणार नाही. एका झोळीत सगळे प्रश्न संपतात. मला इतका आनंद झाला की मायला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "आशाबाई न्हाई म्हणली ना?"

"साध्या झोळीला न्हाई म्हणली," मी म्हणालो.

२३ एप्रिल

झोळीला कापड हवं. मायने जुनं लुगडं दिलं. मी दोन्ही हातांनी ताणलं तर टरकन फाटलं. बघ, म्हणालो, हे कापड आणि तुझा भरवसा.

कापड मला कंपनीत सापडलं. मी ट्रीटरवर आहे, म्हणजे बियाण्याला औषध आणि रंग चढवायच्या मशीनवर. तिथून निघालेला माल पॅकिंगला न्यायच्या सुती थैल्या असतात, जाड, दुहेरी शिवणीच्या. चाळीस किलो भरून आपटली तरी टाका उसवत नाही. सहा वर्षं मी त्या उचलतोय. जगात एखाद्या कापडावर माझा विश्वास असेल तर तो यावर. चार जुन्या थैल्या, वापरून वापरून मऊ झालेल्या, घडी करून डब्याच्या पिशवीत घातल्या. चिठ्ठीशिवाय गेटबाहेर सुतळीसुद्धा न्यायची नाही असा नियम आहे. पण चौकीदार माझा डबा कधी बघत नाही.

घरी एका पाण्यातून काढल्या. पाणी गुलाबी निघालं. आमचं सगळंच गुलाबी असतं. हातमोज्यात घाम येतो म्हणून मी ते घालत नाही, त्यामुळे माझी नखं सहा वर्षं गुलाबी आहेत. लग्नात प्रांजलीच्या मावशीला वाटलं होतं, नवरदेवाने मेंदी काढलीय.

२४ एप्रिल

झोळी झाली. थैल्या उसवून, जोडून, दुहेरी शिवल्या. तळाला फळी, चारी कोपऱ्यांना दोर, वर पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला गाठ. दोरांना हळद चोळली, मुंग्या येऊ नयेत म्हणून. आधी ज्वारीचं पोतं ठेवून तासभर झुलवलं. मग पोरीला ठेवलं, उताणी, कापड तोंडापासून दूर.

चार तास झोपली. चार तास. घरी आल्यापासून सलग एक तास झोपली नव्हती. प्रांजली झोपली, मायसुद्धा भिंतीला टेकून पेंगली. मी एकटा जागा, झोळीकडे बघत. सहा वर्षांत कंपनीतून घरी नेण्यासारखी एकच चीज मिळाली असं वाटलं.

२५ एप्रिल

प्रांजली सकाळी म्हणाली, "अहो, याचा रंग जातो का? तिच्या दुपट्याला लागून राह्यला."

"जाईल चार दिवस. मंग बसतो," मी म्हणालो. घाईत होतो.

हंगाम तोंडावर आहे, मशीन थांबत नाही. घरी आलो की तसाच आधी झोळीपाशी जातो.

२६ एप्रिल

पोरगी बाळसं धरू लागली. गाल गुलाबी झालेत. कडूबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बापावर गेली." दिवसभर हसलो.

रडणंही कमी झालंय. आज दिवसभरात दोनदाच रडली. माय म्हणते, "लय झोपती रे." माय, कालपर्यंत रडते म्हणून बोल लावत होतीस, आता झोपते म्हणून. काही बायकांना काळजीवाचून करमत नाही.

मी मात्र आठ दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर झोपणार आहे.

२७ एप्रिल, रविवार

अंगावर नीट पीत नाही. तोंडातून लाळ येते. प्रांजली म्हणते, दोनदा तोंडाशी धरलं तर तशीच झोपून गेली. मायने मीठ-मोहरी उतरवून टाकली. मोहऱ्या तडतडल्या नाहीत, म्हणून तिला आणखी घोर.

ओट्यावर सहाण ओली दिसली. मी विचारलं, "घुटी दिली का?" माय सहाण उचलून धुवायला लागली. दवाखान्यातून निघताना बजावलं होतं, आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "पोरीला काही झालं तर तू जबाबदार." हे प्रांजलीसमोर म्हणालो.

पोरीला झोळीत ठेवलं. तिथे तरी तिला कोणाचा हात लागत नाही.

२९ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून लिहितोय. डायरी मायने आणून दिली, औषधांच्या वेळा लिहून ठेवायला.

काल सकाळी आठला कामावर निघायच्या बेतात होतो. अंगात कंपनीचा युनिफॉर्म. प्रांजली आतून म्हणाली, "उठवून राह्यले, उठंना." आवाज मोठा नव्हता, म्हणूनच मी धावलो. पोरीची मान हातावरून लोंबत होती. तोंडाला फेसासारखी लाळ, श्वास भराभर. चिमटा काढला तर तोंड वेडंवाकडं केलं, पण रडू फुटलं नाही.

मोटारसायकलवर निघालो. प्रांजली मागे, पोरगी तिच्या मांडीवर. एमआयडीसीच्या रस्त्याला कामगारांचे टेम्पो आडवे. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाल्या, "बाहुल्या बारीक झाल्यात. काय दिलं हिला? कुठलं औषध, मध, काही?"

तेवढ्यात माय रिक्षाने आली. मी सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट केलं. "हिनं घुटी दिली."

माय म्हणाली, "दोन थेंब. एकदाच. पोटात दुखत आसंल म्हणून." मॅडम तिला बोलल्या. बोलायलाच हवं होतं. ती पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीशी उभी राहिली.

सिस्टरने पोरीचं झबलं काढलं. तिची मान उचलून म्हणाल्या, "हे काय लागलंय पाठीला? कुंकू का?"

मानेच्या वळीत, काखेत, पाठीवर, कानामागे गुलाबी रंग होता. गालांवर होता. तो रंग मी झोपेतही ओळखेन.

इथून पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. भिंतीवर घड्याळ होतं. नऊ वाजायला वीस मिनिटं होती. मी ओळखलं आणि गप्प बसलो. चिठ्ठीशिवाय नेलेल्या थैल्या डोळ्यांपुढे आल्या, गेट आलं, मॅनेजर आले. घुटीनेच झालं असेल, असं मनाला सांगून पाहिलं. माय बोलणी खातच होती, तिला खाऊ दिली. मॅडम सिस्टरला म्हणत होत्या, काय गेलंय ते कळलं तर इलाज लवकर होईल. ते मी कानांनी ऐकलं. तरी बसलो.

मग मॅडमनी प्रांजलीला विचारलं, "बाळ झोपतं कुठं? घरात फवारणीचं काही असतं का?"

प्रांजली रडत म्हणाली, "न्हाई हो. झोळीत झोपती. दिवसभर तिथंच. लय चांगली जागा हाय, यांनी सोता केली."

तेव्हा मला उभं राहावं लागलं. मी म्हणालो, झोळी औषध लावलेल्या बियाण्याच्या थैल्यांची आहे. घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. "औषधाचं नाव?" एवढंच म्हणाल्या. सहा वर्षं मी ते ओततोय आणि मला नाव सांगता येईना. आम्ही त्याला लाल ड्रमवालं म्हणतो. कडूबाला फोन लावला. ड्रमच्या लेबलचा फोटो काढून पाठव म्हणालो. कशाला, असं त्याने विचारलं नाही, लगेच पाठवला. मॅडमनी वाचला आणि भराभर सगळे हलले. पोरीचे कपडे काढून पिशवीत बांधले. तिला साबणाने धुतलं, पुन्हा धुतलं. इंजेक्शन आणलं, नाकाला ऑक्सिजन लावला.

मी वाकून बघायला पुढे झालो, तर मॅडमनी हात आडवा धरला. "तुम्ही बाहेर जा. तुमच्या अंगावर तेच आहे."

मी खाली पाहिलं. बाह्यांवर, खिशावर, बोटांवर. रोज याच कपड्यांनी मी झोळीत वाकत होतो.

२९ एप्रिल, सायंकाळ

आत सोडत नाहीत. पोरीचा श्वास थोडा सुधारलाय, एवढं प्रांजलीने खिडकीतून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अजून काही सांगता येत नाही.

मायने धुतलेले कपडे आणले. आवारातल्या नळाखाली मी अंघोळ केली. खापरीने नखं घासली, रक्त आलं, रंग गेला नाही. माय शेजारी उभी राहून पाणी ओतत होती. मी म्हणालो, "माय, तुह्या घुटीनं न्हाई झालं. माह्यामुळं झालं."

"कळलं मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "माह्या दोघांच्या वक्ताला कोणी इचारलंच न्हाई, काय दिलं, कुठं निजवलं. देवानं नेलं म्हणले न् पुरून आले. तुह्या पोरीला इचारलं तरी."

मी नळाखालीच बसलो. ती पाणी ओतत राहिली.

३० एप्रिल

आज बारसं व्हायचं होतं.

पोरगी हात हलवते, डोळे उघडते. पीत नाही. नळीने देतात.

मला सतत एकच हिशोब सुचतो. चोवीसपासून अठ्ठावीसपर्यंत, चार दिवस, त्या झोळीत. आणि वर ती दहा मिनिटं. चार दिवस मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं माहीत होतं.

२ मे

प्यायली. स्वतः, अंगावर. प्रांजली बाहेर येऊन सांगताना हसत होती आणि रडतही होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं मात्र नाही. अठ्ठावीस तारखेपासून ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. रंग जातो का, असं तिने मला विचारलं होतं. ते ती बोलून दाखवत नाही, आणि मलाही त्याचं नाव काढवत नाही.

दुपारी कंपनीत जाऊन आलो. थैल्या नेल्या असं लिहून दिलं, झोळीही परत नेऊन दिली. मॅनेजरांनी कागद वाचून खणात टाकला, म्हणाले, कळवतो. कडूबा हातमोजे घालून मशीनवर उभा होता. त्याचीही पोरगी दीड वर्षाची आहे. तो म्हणाला, "म्या बी तसाच घरी जातो रे."

४ मे, रविवार

आज घरी आणली.

कालचा सगळा दिवस मी घर धुतलं. भिंती, जमीन, खिडकीचे गज, अँगलसुद्धा. माझे कामाचे कपडे गोणीत बांधून कंपनीत ठेवून आलो. नवी सुती चादर तीनदा धुतली आणि तिसऱ्यांदाचं पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात पाहिलं. तरी भीती गेली नाही. आता ती विंचवाची नाही, मांजराची नाही. घरात जे जे मी आणलंय, त्या प्रत्येक वस्तूची आहे.

दुपारी एकच्या सुमारास रिक्षा आली. मायने दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि चूल बघायला आत गेली. प्रांजली पोरीला घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"कुठं ठेवू?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "मला नको इचारू. मायला इचार, आशाताईला बोलावून आणतो."

"आशाताईनं काय सांगितलं ते मलाबी याद हाय," ती म्हणाली. "तुमाला इचारून राह्यले."

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "आधी एक ऐक. त्या दिवशी दवाखान्यात रंग दिसला तवाच मला कळलं होतं. म्या लगेच सांगितलं न्हाई. दहा मिनिटं गप बसलो. नोकरीला भेलो. मायला बोलणी खाऊ दिली."

ती माझ्याकडे बघत राहिली. आत मायच्या भाकरीची थापही थांबली. मला वाटलं, आता ही पोरीला घेऊन तशीच माहेरी निघेल. जावं, असंही वाटलं. पोरगी चुळबुळत होती.

मग प्रांजलीने तिला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

"मंग आता तरी जल्दी सांगा," ती म्हणाली. "हात भरून आला माह्या. जड झाली पोरगी."

मी जागा सांगितली. आतल्या भिंतीशी, तिच्या अंथरुणाला लागून पण वेगळी, फळीवर घड्या घालून चादर ताणलेली, वर काही नाही, आजूबाजूला काही नाही. प्रांजली खाली बसली. तिने चादरीवरून हात फिरवला, तळवा उलटा करून पाहिला. चादर नाकाला लावून हुंगली. मग माझे दोन्ही हात ओढून घेतले, तेही हुंगले, नखं उजेडात धरून पाहिली.

आणि मग पोरीला ठेवलं, उताणी.